निकालपत्रात न लिहिलेली शिक्षा

न्यायालय एखाद्या स्त्रीला तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावते तेव्हा निकालपत्रात तीन वर्षे लिहिलेली असतात, सक्तमजुरी लिहिलेली असते, दंडाची रक्कम आणि तो न भरल्यास भोगावयाची वाढीव कैदही लिहिलेली असते. ह्या काळात तिच्या गर्भाशयाच्या मुखाशी काही विपरीत घडू लागले तर ते कोणी पाहू नये, तिला त्याविषयी कोणी काही सांगू नये, आणि उपायाची वेळ टळून गेल्यावरच ते उघडकीस यावे, असे कोणत्याही न्यायाधीशाने आजवर लिहिलेले नाही. तरीही ही शिक्षा भोगली जाते. तिला माफीचे दिवस नाहीत, पॅरोल नाही, अपिलाची मुदत नाही. आणि ज्यांचा निकालच अजून लागलेला नाही, अशा कच्च्या कैदेतील स्त्रियांनाही ती पक्क्या कैद्यांइतकीच लागू आहे.

काही वाचकांना हा विषय घरात सर्वांच्या हाती पडणाऱ्या नियतकालिकात शोभणारा वाटणार नाही. ‘अंगावरून जाते’, ‘पिशवीला सूज आहे’ ही वाक्ये आपल्या आया-आज्यांनी आयुष्यभर स्वयंपाकघरात, दाराआड, कुजबुजत उच्चारली. पुरुष अंगणातून आत येताच ती थांबत. त्या कुजबुजीने आपली अब्रू राखली असेल; जीव मात्र राखले नाहीत. म्हणून आज ह्या विषयावर मोकळेपणी बोलणे भाग आहे, आणि ज्यांच्याविषयी कुजबुजायलाही कोणी नाही त्या स्त्रियांपासूनच सुरुवात करणे योग्य आहे.

प्रथम रोगाविषयी. गर्भाशयाचे मुख, म्हणजे बायका ज्याला ‘पिशवीचे तोंड’ म्हणतात तो भाग, तेथे होणारा कर्करोग हा भारतीय स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाच्या खालोखाल आढळणारा कर्करोग होय. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग जडला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. दिवसाचा हिशेब केला तर दररोज दोनशेहून अधिक मृत्यू. एखाद्या अपघातात दोनशे माणसे गेली तर आठवडाभर वृत्तपत्रांचे मथळे त्याने भरतात. ह्या दोनशे जणी रोज जातात आणि मथळ्यात येत नाहीत.

ह्या आकड्याचे दुःख अधिक आहे ते रोगाच्या स्वभावामुळे. हा रोग झडप घालून येत नाही. ह्यूमन पॅपिलोमा ह्या विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गातून तो उद्भवतो. हा विषाणू आणि हा कर्करोग ह्यांचे नाते उलगडून दाखविणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन ह्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात केव्हा ना केव्हा स्पर्श करून जातो आणि बहुतेकांचे शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याचा निकाल लावते. काही थोड्या स्त्रियांच्या बाबतीत तो ठाण मांडून बसतो, पेशींत हळूहळू बदल घडवतो, आणि त्या बदलांचे कर्करोगात रूपांतर होण्यास सामान्यतः पंधरा ते वीस वर्षे लागतात. एचआयव्हीसारख्या आजाराने प्रतिकारशक्ती क्षीण झाली असेल तर पाच ते दहा. म्हणजे हा शत्रू दाराबाहेर वर्षानुवर्षे उभा असतो. त्याला त्या अवस्थेत पाहिले तर तेथल्या तेथे, बहुधा रुग्णालयात दाखल न होताही, त्याचा बंदोबस्त करता येतो. पाहिले नाही तर मात्र रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, कंबरदुखी आणि शेवटी रेडिएशनच्या रांगा.

पाहणेही फार अवघड नाही, हे सिद्ध करण्याचा मान आपल्या महाराष्ट्राकडे जातो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडवस्त्यांत ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. तपासणी करणाऱ्या होत्या किमान दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. त्यांचे साधन होते सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे ज्याच्यामुळे व्हिनेगरला आंबटपणा येतो तोच पदार्थ. त्यात भिजवलेला बोळा गर्भाशयाच्या मुखाला लावायचा आणि मिनिटभर थांबून पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. दर दोन वर्षांनी केलेल्या अशा तपासणीने ह्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष २०१३ साली जाहीर झाला. त्याआधी उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एचपीव्हीची चाचणी एकदाच केल्याने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तो निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. त्या गावांत साधी आम्लाची तपासणी एकदाच करून तसा लाभ दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अधिक खात्रीची चाचणी कोणती, किती वर्षांनी करावी, ह्यावर तज्ज्ञांनी अवश्य वाद घालावा. वाद तपासणीच्या पद्धतीविषयी आहे. तपासणी हवी की नको, ह्याविषयी आता वाद उरलेला नाही.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून कारागृहाच्या दाराशी यावे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातील कारागृहांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते. त्यांपैकी स्त्रिया २३,७७२. शंभरात चार. एकूण बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा अपराध अद्याप सिद्ध व्हायचा आहे असे. मुंबईचे भायखळा किंवा पुण्याचे येरवडा येथे स्त्रियांसाठी व्यवस्था असल्याचे आपण ऐकतो. परंतु देशातील स्वतंत्र महिला कारागृहे मोजकीच आहेत आणि बहुसंख्य स्त्रिया पुरुषांसाठी बांधलेल्या कारागृहाच्या एका कोपऱ्यात, भिंत घालून वेगळ्या केलेल्या बराकीत राहतात. पुरुषांच्या हिशेबाने आखलेल्या घरात शंभरातल्या चौघींच्या शरीराचा विचार सर्वांत शेवटी होणार, हे उघड आहे.

ह्या स्त्रिया येतात कोठून? बहुतांश गरिबीतून. लवकर लग्न, लवकर बाळंतपण, अपुरे शिक्षण, मारहाण, काहींच्या वाट्याला देहविक्रय, काहींना व्यसन, काहींना एचआयव्ही. आता हीच यादी डॉक्टरांच्या पुस्तकातील ह्या रोगाच्या जोखमींच्या यादीशेजारी ठेवून पाहावी. दोन्ही याद्या जवळजवळ एकच आहेत. एचआयव्हीबाधित स्त्रीला गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सहापट असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत झालेल्या अभ्यासांतही तुरुंगवास भोगलेल्या स्त्रियांमध्ये ह्या कर्करोगाचे प्रमाण इतरांहून कितीतरी अधिक आढळले आहे. ज्या स्त्रियांना ही तपासणी सर्वांआधी मिळायला हवी, त्याच आपण एका भिंतीआड एकत्र केलेल्या आहेत.

आणि त्या भिंतीआड काय घडते? अंगावरून पांढरे जाते, मधेच रक्त जाते, हे कोणाला सांगायचे? दवाखान्यात पुरुष डॉक्टर, बाहेर पुरुष शिपाई, मागे रांग. एक गोळी मिळते. ती घेऊन बाई परत येते. फारच झाले तर जिल्हा रुग्णालयात नेण्याचा शेरा मिळतो. मग पोलीस बंदोबस्त मिळावा लागतो, त्यात स्त्री-पोलीस असाव्या लागतात, गाडी असावी लागते. त्या दिवशी मोर्चा निघाला, मंत्री आले, सण आला, की बंदोबस्त तिकडे जातो आणि तारीख पुढे ढकलली जाते. इतर रुग्णांच्या नजरा झेलत, पहाऱ्यात, तपासणीच्या टेबलावर चढण्यापेक्षा दुखणे सोसणे बरे, असे तिला वाटले तर नवल नाही. झडतीच्या नावाखाली ज्या शरीराची लाज रोज काढली जाते, ते शरीर आणखी एका परक्या माणसासमोर उघडे करायला कोण स्वखुशीने पुढे येईल?

फादर स्टॅन स्वामी ह्यांची आठवण आपल्या समाजात अजून ताजी आहे. कंपवाताने हात थरथरणाऱ्या त्या वृद्ध धर्मगुरूला पाणी पिण्याच्या नळीसाठी २०२० साली न्यायालयात अर्ज करावा लागला होता. सारा देश ज्यांना ओळखत होता, ज्यांच्यासाठी वकील उभे होते, त्यांची ही कथा. जिला वकील नाही, हमीदार नाही, मुलाखतीला येणारे घरचे माणूस नाही, तिने आपल्या पिशवीच्या तोंडासाठी कोणत्या न्यायालयात अर्ज करावा?

कोणी म्हणेल, नियम आहेत. होय, आहेत, आणि दुखणे नेमके तेथेच आहे. कैदेतील मातांच्या मुलांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली जे आदेश दिले, त्यांत स्त्री-बंद्यांची स्त्रीरोगविषयक तपासणी जिल्हा शासकीय रुग्णालयात व्हावी, असे म्हटले आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने डिसेंबर २०१० मध्ये स्त्री-बंद्यांसाठी जे नियम संमत केले आणि जे बँकॉक नियम म्हणून ओळखले जातात, त्यांतील अठरावा नियम पॅप तपासणीचे नाव घेऊन सांगतो की स्तन आणि स्त्रीरोगविषयक कर्करोगांची प्रतिबंधक तपासणी कैदेतील स्त्रियांना बाहेरच्या समवयस्क स्त्रियांच्या बरोबरीने मिळाली पाहिजे. कारागृहे हा विषय आपल्या घटनेने राज्यांकडे सोपविलेला आहे. तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवून महाराष्ट्राची सुटका होत नाही.

कागद असे भरलेले आहेत. आता देशाच्या कारागृहांची आकडेवारी दरवर्षी ज्या जाडजूड अहवालात प्रसिद्ध होते, तो उघडावा. त्यात आजाराने मेलेल्या बंद्यांचा तक्ता आहे आणि त्या तक्त्यात कर्करोग हा शब्दही आहे. परंतु किती स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी झाली, किती जणींत दोष आढळला, किती जणींवर उपचार झाले, असा रकाना त्यात नाही. ज्याला रकाना नाही त्याचा जाब कोण विचारणार? एखाद्या कारागृहात महिला दिनाला शिबिर भरते, फलक लागतो, छायाचित्र निघते. शिबिर भरवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण शिबिर ही कृपा आहे, आणि कृपा अधीक्षकांची बदली झाली की संपते. रकाना हे कर्तव्य आहे. तो रिकामा राहिला तर डोळ्यांत खुपतो.

ह्यावर जी उत्तरे दिली जातात, त्यांचा समाचार घेतला पाहिजे.

पहिले उत्तर असे की बाहेरच्या सोज्ज्वळ, कष्टकरी स्त्रियांनाच ही तपासणी मिळत नाही, मग कैद्यांचे लाड कशासाठी? ह्यातील पूर्वार्ध दुर्दैवाने खरा आहे. २०१६ पासून शासनाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हायला हवी. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया निघाल्या शेकडा १.९. ही लाज आपल्या सर्वांची आहे. पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? बाहेरची स्त्री निदान पायाने चालत आरोग्य केंद्रात जाऊ शकते, शेजारणीला विचारू शकते, पैसे साठवून खासगी डॉक्टरकडे जाऊ शकते. कैदेतील स्त्रीचे हे सारे मार्ग शासनाने स्वतःच्या हाताने बंद केलेले आहेत. ज्याने दार बंद केले त्यानेच आत पाणी नेऊन दिले पाहिजे. हा लाड नव्हे, हा व्यवहारातला साधा न्याय आहे. शिवाय, बाहेर भूक आहे म्हणून आतल्यांना उपाशी ठेवा, असे म्हणण्याने बाहेरच्या एकीचेही पोट भरत नाही.

दुसरे उत्तर उघडपणे कोणी देत नाही, मनात ठेवतो. ते म्हणजे, हा रोग वाईट चालीच्या बायकांना होतो, भोगू देत. हे अज्ञान आहे आणि क्रौर्यही. हा विषाणू चारित्र्याचा दाखला मागत नाही. एकाच पुरुषाशी निष्ठेने संसार केलेल्या कितीतरी स्त्रियांना तो नवऱ्याकडून मिळालेला आहे, आणि नवऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आपल्या धर्मग्रामांतील किती घरांतून ह्या रोगाने आई गेली, मावशी गेली, हे आठवून पाहावे. त्यांच्या चारित्र्याविषयी कोणी शंका घेतली होती काय? आणि क्षणभर मानले की एखादीचा संसर्ग तिच्या चुकीच्या आयुष्यातून आला. तरी त्या चुकीला मृत्युदंड कोणत्या कायद्यात सांगितला आहे?

तिसरे उत्तर पैशाचे. कारागृहे तुडुंब भरलेली आहेत. २०२२ साली देशात शंभर बंद्यांच्या जागेत सरासरी १३१ बंदी होते. डॉक्टर नाहीत, परिचारिका नाहीत. मान्य. पण मुंबईच्या झोपडवस्तीत दहावी शिकलेल्या मुली चार आठवड्यांत जे शिकल्या, ते शिकायला आपल्या परिचारिकांना काय अडचण आहे? २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना तर स्त्रीने स्वतःच घेतलेल्या नमुन्यावर एचपीव्हीची चाचणी करण्यास मान्यता देते. आडोशाला जाऊन, कोणापुढेही उघडे न होता, काडीने नमुना घ्यायचा आणि नळीत घालून द्यायचा. कारागृहातील स्त्रीची लाज राखणारी ह्याहून सोयीची चाचणी दुसरी नाही.

तरीही तपासणीचे यंत्र आत नेले म्हणजे काम संपले, असे मानणाऱ्यांनी अमेरिकेतील कॅन्सस सिटीचा अनुभव लक्षात घ्यावा. कॅन्सस विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या शहराच्या परिसरातील तुरुंगांत स्त्रियांशी संवाद साधला, तेव्हा असे दिसले की अनेकींची पॅप तपासणी पूर्वी झालेली होती. उणीव होती ती समजेची. तपासणी कशाची होती, दोष आढळला म्हणजे काय, पुढे कोठे जायचे, हे त्यांना कोणी उलगडून सांगितले नव्हते. आणि भीती मात्र भरपूर होती. म्हणून त्यांनी स्त्रियांच्या लहान गटांसाठी आठवडाभराचे, सुमारे दहा तासांचे वर्ग घेतले. त्यात स्त्रियांचे ज्ञान वाढले, चुकीच्या समजुती कमी झाल्या, डॉक्टरांपुढे आपले म्हणणे मांडण्याचा धीर वाढला. दहा तास! कच्च्या कैदेतील स्त्रीकडे दहा तास नाहीत, असे कोण म्हणेल? तिच्याकडे वेळेखेरीज दुसरे काय आहे?

मुंबईचा अनुभव हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगतो. तेथे तुलनेसाठी निवडलेल्या वस्त्यांतील स्त्रियांना केवळ माहिती देण्यात आली, तपासणी नाही. आणि त्यांच्यात मृत्यू अधिक झाले. स्त्रियांना नुसती माहिती देऊन तपासणी हातची राखणे न्याय्य होते काय, हा प्रश्न त्या अभ्यासाला पुढे विचारला गेला, आणि तो विचारण्याजोगाच होता. तेव्हा ज्ञानाविना तपासणी लंगडी आणि तपासणीविना ज्ञान पांगळे. दोन्ही एकत्र हवीत.

अज्ञानाचा बाजार कसा मांडला जातो, हे पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे उघडकीस आले, तेव्हा राज्य शासनाला २०१९ साली नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरे जाते अशी साधी तक्रार घेऊन गेलेल्या कितीतरी जणींना ‘पिशवी काढा, नाहीतर कर्करोग होईल’ अशी भीती घालण्यात आली होती. ज्या स्त्रीला ठाऊक आहे की पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे, की कर्करोगाच्या आधी एक लांबलचक, बरी होणारी पायरी असते, आणि ती पायरी साध्या तपासणीने दिसते, तिला असे घाबरवता येत नाही. ज्ञान हे तिच्या शरीराचे कुंपण आहे. कैदेतून सुटून, हाती पैसा नसताना, अशाच एखाद्या दवाखान्याच्या पायरीवर जाणाऱ्या स्त्रीला ह्या कुंपणाची सर्वांत जास्त गरज आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. तपासणीचा आग्रह धरताना सक्तीचा आग्रह कोणी धरू नये. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत शाळकरी मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. त्यात वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनी सह्या केल्याचे निष्पन्न झाले. प्रकल्प २०१० साली थांबवावा लागला आणि २०१३ साली संसदेच्या समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. लस पुढे जगभर उपयुक्त आणि सुरक्षित ठरली. पण त्या गैरमार्गाने लोकांच्या मनात जो संशय रुजला तो वर्षानुवर्षे गेला नाही. कारागृह तर वसतिगृहाहून कितीतरी बंदिस्त. तेथे ‘सही कर’ म्हटले की सही होते. म्हणून कैदेतील स्त्रीची संमती तिला सारे समजावून सांगितल्यानंतर, तिच्या भाषेत, कारागृहाचा कर्मचारी समोर नसताना घेतली गेली पाहिजे. आणि तिने नाही म्हटले तर त्या नकाराची किंमत तिला मुलाखतीत, कामाच्या वाटपात किंवा अन्य कशातही मोजावी लागता कामा नये. ज्ञान आधी आणि तपासणी नंतर, हा क्रम ह्यासाठीच.

मागण्या मग अगदी साध्या उरतात. कारागृहात पाऊल ठेवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येक स्त्रीला स्त्री-आरोग्यसेविकेकडून ह्या विषयाची माहिती मिळावी. मराठीत, हिंदीत, बंगालीत, तिला जी भाषा समजते तीत, आणि वाचता येत नसेल तर चित्रांवरून. वय तीस उलटलेल्या प्रत्येकीला, आणि एचआयव्हीबाधित असेल तर पंचविशीपासूनच, तपासणी देऊ करावी. दोष आढळला तर उपचार शक्यतो त्याच दिवशी करावा. कारण न्यायाधीन स्त्रीला उद्या जामीन मिळेल आणि ती निघून जाईल. तिचा अहवाल महिन्याने येऊन फायलीत पडून राहील. अहवालाची एक प्रत तिच्या हाती असावी आणि सुटकेच्या दिवशी चपला, पिशवी नि खात्यातले पैसे परत करताना जवळच्या कोणत्या रुग्णालयात पुढे जायचे त्याची चिठ्ठीही द्यावी. आणि वर्षअखेरच्या आकडेवारीत ह्या सगळ्याचा रकाना असावा.

ह्यात आपला, धर्मग्रामातील माणसांचा, संबंध काय? संबंध आहे, कारण आपण त्या दारापर्यंत जातोच. नाताळात केक आणि साबणाच्या वड्या घेऊन आपल्या संघटनांचे कार्यकर्ते कारागृहात जातात, गाणी म्हणतात, परततात. ते चांगलेच आहे. २०२४ च्या आज्ञा गुरुवारी दिवंगत पोप फ्रान्सिस चाकांच्या खुर्चीतून रोमच्या रेबिबिया महिला कारागृहात गेले आणि त्यांनी बारा बंदिनींचे पाय धुतले, ते चित्र आपल्यापैकी अनेकांनी भक्तिभावाने पाहिले. पण केक एका दिवसात संपतो, आणि चित्र पाहून डोळे पाणावणे हे काही पाय धुणे नव्हे. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात निवृत्त परिचारिका आहेत. आयुष्यभर रुग्णालयात राबलेल्या, हाताला सवय आणि जिभेला धीर असलेल्या बायका. केकसोबत त्या का जाऊ नयेत? वर्षातून दहा तास कारागृह अधीक्षकांकडे मागायला कोणाची हरकत आहे?

आणि लाजेचा प्रश्न असेल तर आपल्याच इतिहासात त्याचे उत्तर आहे. गेल्या शतकाच्या आरंभी रावळपिंडीत पडद्याआडच्या स्त्रिया पुरुष डॉक्टरला दाखवण्याऐवजी मरण पत्करीत. ते पाहून तळमळलेल्या ॲना डेंगल ह्या ऑस्ट्रियन डॉक्टर बाईंनी १९२५ साली वैद्यकीय सेवेसाठी धर्मभगिनींचा संघ काढला. त्या काळी व्रतस्थ भगिनींना बाळंतपणाचे वैद्यकीय काम करण्यास चर्चचीच मनाई होती. ते शोभणारे नाही असे मानले जाई. डेंगल आणि त्यांच्यासारख्या इतरांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९३६ साली रोमने ती मनाई उठवली. शोभा बाजूला ठेवून स्त्रीच्या शरीराकडे पाहिले पाहिजे, हे आपल्या परंपरेला नव्वद वर्षांपूर्वी कळले आहे. तेव्हा पडदा कापडाचा होता. आज तो गजांचा आहे एवढेच.

ह्या लेखाने कोणाचे मन वळले तर त्याने मोठे काही करू नये. आपल्या घरातल्या तीस वर्षांवरील स्त्रियांना ही तपासणी झाली आहे काय, एवढे आज रात्री जेवताना विचारावे. उत्तर बहुधा नकारार्थी येईल. मग त्यांना आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. आणि ती वाट दाखवून झाली की, जिला ती वाट चालण्याची मुभाच नाही तिच्या वतीने कारागृह प्रशासनाला, आपल्या आमदाराला, राज्य महिला आयोगाला एक पत्र लिहावे. त्यात विनंतीचे शब्द कमी असावेत. कैदेची शिक्षा न्यायालयाने दिली आहे, ती तिने भोगावी. दुसरी शिक्षा कोणी दिली, एवढाच प्रश्न त्या पत्रात असावा आणि त्याचे उत्तर मागावे.